लिथॉप्सचं बी मातीत पुरू नका
लिथॉप्स हे मूळचं दक्षिण आफ्रिका-नामिबियातलं, हुबेहूब खड्यासारखं दिसणारं रोप. बियांपासून करायचं तर आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. बी अगदी धुळीसारखं असतं. ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरा, वर माती अजिबात नको. पाणीही वरून घालू नका, बी वाहून एका कडेला गोळा होतं. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून भिजू द्या. वर पारदर्शक डबा झाका. ८-१५ दिवसांत हिरवे ठिपके दिसले की झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवा, नाहीतर बुरशी सगळी रोपं खाते. वर्षभरात रोप जेमतेम वाटाण्याएवढं होतं आणि फुलायला किमान ३ वर्षं लागतात, म्हणून घाईने कुंडी बदलू नका.