पालिकेने सोलर बसवलं तरी बिल हलत नाही? या चुका टाळा

पॅनल चकाचक, अॅपवर युनिट दिसतायत आणि बिल मात्र तिथल्या तिथेच, हे रडगाणं ऐकून आता कंटाळा आलाय. बघायला गेलं की दहातल्या आठ ठिकाणी बिलाचं दुसरं पान कोणी उघडलेलंच नसतं.

एका पाणीपुरवठा केंद्रावर तर तीन महिने लोक पॅनल पुसत बसले होते, ठेकेदार बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. मी बिल मागितलं तर पॉवर फॅक्टरचा दंड! (ग्रिडमधून खेचलेल्या विजेपैकी खरं काम करणाऱ्या विजेचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर, ते घसरलं की दंड.) हिशोब साधाच आहे. पंप 100 किलोवॅट खेचतात, पॉवर फॅक्टर 0.9, म्हणजे सोबत 48 केव्हीएआर रिअॅक्टिव्ह, म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी पण स्वतः काम न करणारी वीज, लागतेच. सोलरने 70 किलोवॅट दिले की ग्रिडमधून 30च येतात, पण ते 48 सगळे ग्रिडमधूनच, कारण इन्व्हर्टरच्या (पॅनलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो आणि तो नुसते किलोवॅट देतो. मीटरवर पॉवर फॅक्टर 0.53. बरं, ही रिअॅक्टिव्ह जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनल होतं की तिथे! पण त्याची सीटी (करंट मोजणारा सेन्सर) पंपाच्या बाजूला, त्यामुळे ते आपलं 0.9 बघून खूश, सोलर आलंय याचा त्याला पत्ताच नाही. सीटी मेन इनकमरवर, म्हणजे ग्रिडची लाइन आत येते तिथे नेली, कपॅसिटर चाळीसेक केव्हीएआरने वाढवले, दंड बंद. मी तर सोलर चालू करायच्या आधीच सीटी कुठे आहे ते स्वतः डोळ्याने बघतो, ड्रॉइंगवर विश्वास ठेवत नाही.

दुसरं म्हणजे वर्षाचे युनिट बघून प्लांटची साइज ठरवणं. अहो रस्त्यावरचे दिवे रात्री लागतात! नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा होणं) नसेल तर दुपारची जास्तीची वीज स्वस्तात जाते, नाहीतर फुकट, आणि रात्रीची पूर्ण दराने घ्यायची. आधी आठवडाभर तासातासाचं रीडिंग लिहा. कंटाळवाणं आहे, माहितीये, सगळ्यांना उद्घाटनाची घाई असते. मग पंपिंग सकाळी 10 ते दुपारी 3 मध्ये आणा, टाक्या दुपारीच भरा. ऑपरेटरला विश्वासात घ्या, नाहीतर तो सवयीने पहाटेच पंप सुरू करणार.

डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या सर्वात जास्त लोडवर लागणारा आकार, सोलरने आपोआप उतरत नाही, संध्याकाळचा लोड तोच असतो.

लाइट गेली की साधा ग्रिडवाला इन्व्हर्टरही बंद पडतो, तो बिघाड नाही, लाइनवर काम करणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून तसंच असतं.

पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरमध्ये बघा, मे महिन्यात नाही.

आणि पॅनल 25 वर्षं चालतील, इन्व्हर्टर 10-15 वर्षांत बदलावा लागतो, त्याचे पैसे याच बजेटपासून बाजूला टाका.