कढीपत्त्याच्या कुंडीतलं फुलपाखरू

फुलपाखरं हवीत म्हणून नुसती झिनिया आणि पेंटास लावून थांबू नका. फुलांवर ती मध प्यायला येतात आणि निघून जातात. मुक्काम हवा असेल तर अंडी घालायला झाड द्या: कढीपत्ता दोन, लिंबू एक, 12 इंची कुंड्या, निम्मा दिवस ऊन. फोडणीसाठी वेगळं रोप ठेवा.

नर्सरीच्या रोपावर फवारणी झालेली असते असंच धरून चाला. काही औषधं पानात मुरतात, धुऊन जात नाहीत. नवी पालवी फुटल्यावरच त्यावर अळ्या वाढू द्या. ‘नीमतेल सेंद्रिय, म्हणून चालतं’ हा सल्ला तर कानाआड करा; नीमतेल अळ्या मारायलाच वापरतात.

कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा बारीक, पिवळसर अंडं एकेकटं दिसेल. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते.

खरी चूक इथून पुढे होते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून लोक पुसून टाकतात. हिरवी होते ती शेवटच्या कातेनंतर, आणि बहुतेक पाला तेव्हाच फस्त करते. मधेच एखादी अळी दिवसभर हलत नाही. ती मेलेली नसते, कात टाकत असते. पाय तिने स्वतःच विणलेल्या रेशमात रोवलेले असतात. चिमटीत धरून ओढलीत तर इजा होते. पाला संपलाच तर ती बसलेली डहाळी कापून दुसऱ्या झाडावर टेकवा, आपणहून चढेल. डिवचल्यावर डोक्यामागून लाल-नारिंगी दुबेळकं बाहेर काढून वास सोडते, त्याला घाबरू नका. बंद बरणीत मात्र ठेवू नका: लेंड्यांची ओल साठते, बुरशी धरते. फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा, गांधीलमाशीही दूर राहील. पिशवी नसेल तर खाणं थांबल्यावर अळी कोषासाठी भिंतीवर, गजावर चालत जाते. हरवली समजून कुंडी हलवू नका.

कोषातून बहुधा आठ-बारा दिवसांत फुलपाखरू निघतं. कोषाला बारीक भोकं दिसली तर परजीवी माशीने डाव साधला.

ओळख: शेपटी नाही, काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या कडेला विटकरी डाग: लाइम फुलपाखरू. शेपटी आणि मागच्या पंखावर पांढरा पट्टा: कॉमन मॉर्मन, नर. मादी फसवते, तिचं एक रूप विषारी कॉमन रोजची नक्कल करतं. पंख बघत बसू नका, धड बघा. लाल धड ते कॉमन रोज, काळं धड ती मॉर्मन मादी.