रविवारची भट्टी: नोकरी सांभाळून लोहारकाम कसे शिकावे

आठवड्यातून दोन-अडीच तास सलग मिळत असतील तर लोहारकाम शिकता येते. त्यासाठी शिस्त एकच पाळायची: भट्टी पेटलेली असताना फक्त तापल्या लोखंडाचे काम करायचे. कापणे, भोक पाडणे, कानस मारणे, मूठ बसवणे ही सगळी थंड कामे आठवड्यातल्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांत उरकून ठेवायची. नवशिक्याचा रविवार बहुधा भट्टी पेटवून झाल्यावर ग्राइंडरची वायर शोधण्यात जातो आणि तोवर निम्म्या कोळशाची राख होते.

स्वावलंबनाचाही हिशेब आधीच स्पष्ट असू द्या. खिळे, बोल्ट, बिजागऱ्या घरी बनवणे परवडत नाही, त्या दुकानातूनच आणाव्यात. घरच्या भट्टीवर शोभतात ती खुरपे, छिन्नी, हूक, कडी-कोयंडा यांसारखी कामे आणि त्याहून जास्त म्हणजे दुरुस्ती. खाली भट्टी बांधण्यापासून वापरता येईल अशा खुरप्यापर्यंतची वाट दिली आहे.

जागा

फ्लॅटच्या बाल्कनीत हे होणार नाही, तो विचार सोडा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. परसदार, बंगल्यामागचे अंगण किंवा शेतावरची तीन बाजूंनी उघडी शेड चालेल. गच्चीवर काम करायचेच असेल तर खाली दोन-तीन इंच वाळूचा थर टाका. लालभडक तुकडा उघड्या काँक्रीटवर पडला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि कपचे उडतात.

जागा सावलीची हवी. हे केवळ उकाड्यासाठी नाही. भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो, माणूस ‘अजून थोडे’ म्हणत राहतो आणि पोलाद जाळून बसतो.

घमेल्याची भट्टी

लोखंडी घमेले 18 इंची घ्या. अस्तरासाठी 2 भाग कुंभाराकडची चिकणमाती, 2 भाग बारीक वाळू, 1 भाग चाळलेली राख आणि दोन मुठी भाताचे तूस. पाणी बेताने घालायचे. गोळा दाबला की आकार धरून राहावा, हाताला चिकटू नये. शेतातली काळी माती वापरू नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते, आणि आठवड्याभरात अस्तराला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात.

घमेल्याच्या एका बाजूला भोक पाडून पाऊण इंच आतल्या व्यासाचा, अडीच फूट लांबीचा काळा लोखंडी पाइप आत घ्या. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप नको. जस्त 907 अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. मुलामा दिलेला कोणताही तुकडा भट्टीत टाकू नका, त्याचेही कारण हेच.

मातीने मध्ये 6 इंच रुंद आणि 4 इंच खोल खळगा करा. पाइपचे तोंड खळग्याच्या तळापासून दीड इंच वर आणि एक इंच आत आलेले असावे. तोंडाच्या खाली जागा हवी, कारण राख तिथे साचते. ती ठेवली नाही तर तासाभरात वारा कोंडतो. खळग्याच्या दोन्ही अंगांना विटा आडव्या कुशीवर उभ्या करा, म्हणजे कोळशाचा ढीग वर रचता येतो. अस्तर सावलीत आठवडाभर वाळू द्या, मग पहिल्या दिवशी फक्त काटक्यांचा लहानसा जाळ करा. ओल्या अस्तरावर सरळ भट्टी लावली की पापुद्रे सुटून निखाऱ्यात पडतात.

वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा ब्लोअर घ्या. विजेचा पंखा सोयीचा वाटतो, पण तुम्ही ठोकत असता तेव्हाही तो कोळसा खात राहतो. हात थांबला की हातभाता थांबतो, त्यामुळे दोन तासांच्या कामाला साधारण 5 किलो कोळसा पुरतो. कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा. बाभळीचा मिळाला तर उत्तम. तुकडे लिंबाएवढे करून घ्या, आणि तेही शनिवारी. पावडर चाळून टाका. दगडी कोळशाचा धूर वस्तीत कुणी सहन करणार नाही.

ऐरण, हातोडा आणि बाकी

ऐरणीसाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा शोधायला बरेच जण भंगारवाल्याकडे जातात. बिलाशिवाय तो घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्यावर 1966 पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यापेक्षा फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून भरीव पोलादाचा कापून उरलेला ठोकळा आणा. 4 इंच बाय 4 इंच आणि फूटभर लांब ठोकळा सुमारे 25 किलो भरतो. तो आडवा न ठेवता उभा ठेवा, म्हणजे सगळे वजन घावाच्या खाली येते. बाभळीच्या ओंडक्यात खाच करून त्यात तो घट्ट बसवा. उभे राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरे जिथे येतात, तिथे ऐरणीचा माथा आला पाहिजे. गावाकडचे लोहार ऐरण जमिनीत पुरून बसून काम करतात. मांडी घालून तासभर बसायची सवय असेल तर तीही पद्धत उत्तम आहे, पण ती सवय नसलेल्याचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात.

हातोडा 800 ग्रॅम ते 1 किलोचा, एका बाजूला आडवी चोच असलेला. त्याहून जड घेतला तर मनगट लवकर थकते आणि घाव वाकडे पडायला लागतात. नव्या हातोड्याच्या तोंडाची कड धारदार असते. ती ग्राइंडरने गोलसर केली नाही तर प्रत्येक तिरक्या घावाला लोखंडावर चंद्रकोरीसारखा खड्डा उमटतो.

सांडशी सुरुवातीला एकच पुरे, चपट्या तोंडाची. पहिली काही कामे तर सांडशीशिवाय, दोन फुटी सळई हातात धरूनच करायची. याशिवाय पाण्याची बादली, वाळूची बादली, डोळ्यांना साधा सुरक्षा चष्मा, सुती कपडे आणि चामड्याचे बूट. टेरिकॉटचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. सर्वांत जास्त चटके लाल लोखंडाने बसत नाहीत. विझून काळा पडलेला, पण अजून तीन-चारशे अंश तापलेला तुकडा बेसावधपणे उचलला जातो, त्याने बसतात.

पहिले दोन रविवार: हूक

8 मिलिमीटरची नरम लोखंडाची गोल सळई दोन फूट घ्या. टोकाकडचे 5 सेंटिमीटर भट्टीच्या मधोमध धरा; पाइपच्या तोंडासमोर अगदी जवळ नको, तिथल्या थेट वाऱ्याने जाड खपली, म्हणजे जळक्या लोखंडाचा थर, धरते. रंग पिवळसर नारिंगी झाला की बाहेर काढा.

इथे एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. गोल सळईला टोक काढताना ती गोलच ठेवून फिरवत ठोकायची नाही. तसे केले की वरचा थर पुढे सरकतो, गाभा मागे राहतो, टोकाला माशाच्या तोंडासारखी खोबण पडते आणि सळई मधून फाटते. आधी चौकोनी करा: दोन घाव, पाव वळण, पुन्हा दोन घाव. टोक चौकोनी निमुळते झाले की कोपरे मारून अष्टकोन आणि शेवटी हलक्या घावांनी गोल. एका तावात, म्हणजे एकदा तापवल्यावर, दहा-पंधरा सेकंदच मिळतात. रंग मंद लाल झाला की थांबा आणि परत तापवा. लोखंड ‘अजून थोडे गरम आहे’ म्हणून ठोकत राहण्यानेच तडे जातात.

टोक ऐरणीच्या कडेवर किंचित वळवून त्याची लहान गुंडी करा, मग इंचभर जाडीच्या पाइपवर हुकाचा बाक द्या. 20 सेंटिमीटरवर कापा, दुसरे टोक सांडशीत धरून उलट्या दिशेने तसेच करा. तार-ब्रशने खपली झाडून, हुकाचा काळेपणा परत आल्यावर पण तो गरम असतानाच मधमाशीचे मेण चोळा; गंजाला तेवढे पुरते. पहिल्या दिवशी दोन हूक झाले तरी चालेल. दोन रविवारांत सहा हूक एकसारखे जमले की हात खुरप्याला तयार झाला असे समजा.

खुरपे: पोलाद कुठले

बांधकामाची टीएमटी सळई ठोकून खुरपी करणारे बरेच आहेत. त्या सळईत कार्बन कमी असतो, धारेला पाणी बसत नाही, म्हणजे तापवून एकदम निववली तरी ती कडक होत नाही, आणि आठवड्यात धार वाकते. गाड्यांच्या कमानपाट्याचे पोलाद घ्या. महामार्गावर पाटे दुरुस्त करणाऱ्यांकडे 6 मिलिमीटर जाड, 40 मिलिमीटर रुंद पाट्याचे तुकडे मिळतात. जुना, तुटलेला पाटा टाळा. त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असतात आणि ते पाणी देताना उघडे पडतात. शंका असेल तर ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, तुरळक फुटणाऱ्या. पोलादाच्या आखूड, फुलबाज्यांसारख्या जागोजागी फुटणाऱ्या.

पाटा कडक असतो, ड्रिल त्यावर घसरते. म्हणून हुकांचा दुसरा रविवार संपताना तो लाल करून विझत्या राखेत गाडून ठेवा. सकाळपर्यंत तो नरम होतो आणि यात वेगळा वेळ जात नाही.

आठवड्यात करायचे काम: पाट्याची 13.5 सेंटिमीटरची पट्टी कापा. त्यातले 7 सेंटिमीटर पात्यासाठी पूर्ण रुंदीचे राहू द्या. उरलेल्या 6.5 सेंटिमीटरमध्ये मधोमध 15 मिलिमीटरची पट्टी ठेवून दोन्ही बाजू कापून टाका; ही मुठीत जाणारी शेपटी. कापण्याआधी शेपटी जिथे पात्याला मिळते त्या दोन्ही कोपऱ्यांत 6 मिलिमीटरची भोके पाडा, म्हणजे कोपरा गोल राहतो. काटकोनात कापलेला कोपरा पुढे पाणी देताना तिथूनच चिरतो.

खुरपे: ठोकणे

पाट्याच्या पोलादाला नरम लोखंडाइतका ताव सोसत नाही. गडद नारिंगी रंगापर्यंतच जा. पांढरट झाले आणि स्वतःहून ठिणग्या उडायला लागल्या, की ते पोलाद जळाले. तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

पाते सांडशीत धरून आधी शेपटी 12 सेंटिमीटरपर्यंत लांबवा, टोकाकडे निमुळती. मग शेपटी धरून पाते पसरवा. हातोड्याची चोच पात्याच्या लांबीला समांतर धरून मधून कडेकडे घाव घाला. चोचीचे घाव तिच्या आडव्या दिशेला धातू ढकलतात, म्हणून पाते रुंद होत जाते. 9 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद, पावणेतीन-तीन मिलिमीटर जाड पाते मिळायला नवशिक्याला दहा-बारा ताव लागतात. एका बाजूने जास्त ठोकले तर पाते केळ्यासारखे वाकते. दर तावाला पालटत राहा आणि शेवटी सपाट तोंडाने हलके घाव घालून चोचीच्या खुणा पुसा. अखेरीस शेपटी पात्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर वर उचलून वळवा, निंदताना बोटे जमिनीला घासणार नाहीत इतपत.

मग पाते तीनदा तापवा आणि प्रत्येक वेळी हवेत काळे होईपर्यंत निवू द्या. किती तापवायचे ते चुंबक सांगते. सुमारे 770 अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याच्या किंचित वर गेलात की पुरे. ठोकण्याने आत साठलेला ताण या तीन फेऱ्यांत निघून जातो. त्या टाळल्या तर पाते पाणी देताना पिळवटते.

आठवड्यात कानशीने एका बाजूने धारेचा उतार काढा, पण कड 1 मिलिमीटर जाड राहू द्या. कागदासारखी पातळ कड भट्टीत जळते.

पाणी देणे

चार लिटर खाद्यतेल झाकणाच्या उभ्या लोखंडी डब्यात, हाताला चांगले ऊन लागेल इतके, 50-60 अंश तापवलेले. थंड तेल घट्ट असते, ते पात्याची उष्णता उशिरा काढते. जळके इंजिन ऑइल विषारी धूर करते, ते नको. साध्या पाण्यात हे पोलाद तडकण्याची शक्यता मोठी. मुरलेले लोहार पाणीच वापरतात, पण फक्त धार क्षणभर बुडवून उरलेल्या तावाने ती परत नरमावतात. तो अंदाज पुढे येतो.

संध्याकाळच्या सावलीत पाते सारखे तापवा, चुंबक सुटल्यावर एक छटा आणखी उजळ होऊ द्या, आणि धार खाली करून सरळ तेलात उतरवा. आडवे फिरवू नका, पाते वाकते. तेलाने पेट घेतला तर झाकण टाका. तिथे पाणी ओतायचे नाही. निवल्यावर कड कानशीने घासून पाहा. कानस घसरली तर पाणी बसले, चावली तर ताव कमी पडला; परत करा.

आता पाते काचेसारखे ठिसूळ आहे आणि दगडावर पडले तर तुटेल. तेल धुऊन त्याच दिवशी घरातल्या ओव्हनमध्ये 250 अंशांवर एकेक तास असे दोनदा ठेवा. एका बाजूची खपली घासून चकचकीत केली असेल तर तिथे तपकिरी छटा दिसते. जमीन खडकाळ असेल तर पाठीकडून चुलीच्या निखाऱ्यावर आणखी थोडे तापवून जांभळा रंग धारेपर्यंत येऊ द्या. धार थोडी लवकर बोथट होईल, पण कपचा उडणार नाही. शेवटची धार दगडावर लावा.

मूठ वाळलेल्या बाभळीची. शेपटीपेक्षा बारीक भोक पाडा, तोंडाला लोखंडी कडे ठोका. पाते ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त शेपटीचे टोक मंद लाल करा आणि मुठीत दाबा. दीड सेंटिमीटर बाहेर राहिले की थांबा, निवू द्या, मग ठोकून बसवा. पूर्ण खोल जाळले तर भोक सैल होते. ओली मूठ वाळल्यावर हमखास निसटते.

दर रविवारी भट्टी बंद करताना

उरलेले निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. हवा न मिळाल्याने ते विझतात आणि पुढच्या वेळी चटकन पेट घेतात. डबा रात्रभर उघडू नका आणि लाकडापासून लांब ठेवा. पाइपमधली राख झाडा, अस्तराच्या भेगा ओल्या मातीने लिंपा, आणि पुढच्या वेळी काय ठोकायचे त्याचे तुकडे खडूने खूण करून ऐरणीशेजारी ठेवून द्या.