खोबरेल आणि माक्याचे तेल: केसांना व टाळूला तेल लावण्याची योग्य पद्धत

डोक्याला तेल लावण्याची सवय महाराष्ट्रातील बहुतेक घरांत बालपणापासून लागते. मात्र ते कशासाठी लावायचे, किती लावायचे आणि कोणी लावू नये, याची चर्चा क्वचितच होते. त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे तेल त्याला पोसत नाही. ते त्याची झीज रोखते. केसाची वाढ त्वचेखालील मुळाशी होते आणि ती आहार, संप्रेरके, अनुवंश व एकंदर प्रकृती यांवर अवलंबून असते. तेलाकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवली, तर ते आपले काम चोख करते. टक्कल भरून निघण्याची ठेवली, तर पदरी निराशाच येते.

केस भिजतो तेव्हा पाणी शोषून फुगतो आणि वाळताना पुन्हा आकसतो. हे वारंवार घडले की केसावरील सूक्ष्म खवले उचकटतात, आतील प्रथिने धुऊन जातात आणि केस राठ होऊन तुटू लागतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्ल या स्निग्ध आम्लाचा असतो, आणि त्याचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात; आत शिरलेल्या तेलामुळे केस पाणी कमी शोषतो व कमी फुगतो. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा मुंबईतील संशोधकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केसांतील प्रथिनांची हानी लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल खोबरेल हेच ठरले. यावरून निघणारा व्यवहारातील नियम सोपा आहे: तेल मुख्यतः केस धुण्याच्या आधी लावावे. न्हाऊन झाल्यावर तेल चोपडून दिवसभर बाहेर हिंडल्यास केसांवर धूळ बसते, आणि ती काढण्यासाठी पुन्हा अधिक कडक धुलाई करावी लागते.

तेल कोणते घ्यावे

रोजच्या वापरासाठी घाण्यावर काढलेले शुद्ध खोबरेल हा माझ्या मते पहिला पर्याय आहे. बाटली घेताना तिच्यावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. बदाम, आवळा किंवा जास्वंदीचे चित्र असलेल्या पुष्कळ केशतेलांत मुख्य घटक ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ म्हणजे खनिज तेल असतो, आणि चित्रातील वनस्पतीचा अंश नाममात्र असतो. खनिज तेल अपायकारक नाही, त्याने केस गुळगुळीतही दिसतात. परंतु ते केसाच्या आत शिरत नाही. खोबरेल साधारण २४ ते २५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे पुणे-नाशिककडील थंडीत बाटलीतील तेल घट्ट झाले म्हणजे त्यात भेसळ आहे, असे समजू नये.

कोकणात ओल्या नारळाच्या रसापासून घरी काढलेल्या तेलाला आवेल म्हणतात. ते काढण्यासाठी पक्के, जून नारळ खोवून, थोडे कोमट पाणी घालून वाटावेत आणि रस फडक्यातून घट्ट पिळून घ्यावा. हा रस काही तास स्थिर ठेवला की दाट साय वर येते. ती अलगद काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवावी. सतत ढवळत राहिल्यास पाणी उडून जाते, खाली उरलेला चोथा तांबूस होऊ लागतो आणि तेल सुटते. चोथा करपण्याआधी कढई उतरवून तेल गाळावे. हे काम वेळखाऊ आहे आणि तेल थोडेच निघते, परंतु त्याचा ताजा वास बाजारातील कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

इतर तेलांविषयी थोडक्यात सांगायचे तर तीळतेल कोरड्या त्वचेला चांगले मानवते. एरंडेल अतिशय दाट व चिकट असल्याने ते एकटे कधीही लावू नये. लांब केसांत त्याचा असा गुंता झाल्याची उदाहरणे आहेत की केस कापण्यावाचून उपाय उरत नाही. लावायचेच असेल, तर एक भाग एरंडेलात चार भाग खोबरेल मिसळावे. मोहरीचे तेल अनेकांच्या त्वचेला झोंबते. रोझमेरीसारखी सुगंधी तेले थेट डोक्यावर न ओतता १० मिलिलिटर खोबरेलात फार तर दोन थेंब घालावीत. कोणतेही नवे तेल वापरण्याआधी कोपराच्या आतील बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी.

माक्याचे तेल घरी कसे करावे

पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि ओलसर जागी माका आपोआप उगवतो. त्याची फुले पांढरी व बारीक असतात आणि देठ चुरगाळला की रस थोड्या वेळात काळपट होतो. पिवळ्या फुलांचा माका ही वेगळी वनस्पती आहे. ओळख पक्की नसेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय रानातून काही उपटून आणू नये. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेला माका आणणे अधिक सुरक्षित.

आयुर्वेदातील तेलपाकाचे प्रमाण एक भाग कल्क (वनस्पतीचा वाटलेला गोळा), चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे आहे. घरगुती प्रमाणात ते २५० मिलिलिटर तेल, सुमारे ६० ग्रॅम माक्याच्या पानांचा वाटलेला गोळा आणि एक लिटर माक्याचा रस असे बसते. एवढा रस काढण्याइतका ताजा पाला नसल्यास ५०० ग्रॅम वाळलेला माका चार लिटर पाण्यात उकळून एक लिटर काढा उरवावा व गाळून घ्यावा. कल्कासाठी माक्याची पूड पाण्यात कालवली तरी चालते. हे सर्व तेलासह मोठ्या, पसरट व जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. पातेले अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये, कारण शेवटी फेस येऊन तेल उतू जाण्याचा धोका असतो. पाणी आटण्यास कित्येक तास लागतात. म्हणून घाईने आच वाढवण्यापेक्षा हे काम दोन दिवसांत विभागावे. अधूनमधून तळापासून ढवळावे, आणि लहान मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नये.

तेल सिद्ध झाले की नाही, हे ओळखण्याच्या जुन्या खुणा आजही उत्तम उपयोगी पडतात. थोडा कल्क चमच्यावर काढून निवू द्यावा व बोटांत वळावा. तो बोटांना न चिकटता त्याची वात वळली जात असेल, तर पाक झाला. हीच वात चिमट्यात धरून ज्योतीवर नेल्यास तडतड आवाज येता कामा नये. आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. तेलावर फेस दाटू लागणे ही तिसरी खूण. या क्षणी आच बंद करावी, कारण कल्क कडक होऊन जळला तर तेलाला करपट वास लागतो. कोमट झाल्यावर ते सुती फडक्यातून गाळून पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. पाण्याचा अंश राहिलेले तेल लवकर खराब होते, म्हणून या परीक्षेत मुळीच हयगय करू नये. बाटली अंधाऱ्या जागी ठेवावी, तेल कोरड्या चमच्याने काढावे, तीन-चार महिन्यांत संपवावे आणि खवट वास येऊ लागल्यास टाकून द्यावे. माक्याने केसांची वाढ होते, असे दाखवणारे प्रयोग प्रामुख्याने उंदरांवर झालेले आहेत. त्यामुळे या तेलाला मी चांगले, सौम्य केशतेल म्हणेन, केस उगवण्याचे औषध म्हणणार नाही.

लावण्याची आणि धुण्याची रीत

खांद्यापर्यंतच्या केसांना दोन ते तीन चहाचे चमचे, म्हणजे १० ते १५ मिलिलिटर तेल पुरते. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे. गॅसवर थेट तापवू नये. आधी कोरडे केस सोडवून घ्यावेत, मग भांग पाडत पाडत बोटांच्या टोकांनी तेल त्वचेला लावावे व पाच ते दहा मिनिटे हलक्या हाताने चोळावे. नखे लावू नयेत आणि तळव्यांनी खसाखसा घासू नये, कारण त्याने केस गुंततात व तुटतात. उरलेले तेल केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांना लावावे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक जवळजवळ अडीच वर्षांचे जुने असते आणि तितका काळ ऊन, पाणी व कंगवा सोसत आलेले असते. तेलाची खरी गरज त्या टोकाला आहे, तरीही बहुतेक जण सगळे तेल टाळूवरच जिरवतात.

चोळताना हाताला केस येतात म्हणून घाबरू नये. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, आणि सुटलेले केसच त्या वेळी हातात येतात. तेल लावल्यावर सैल वेणी घालावी. घट्ट बांधलेल्या केसांची मुळे सतत ताणली गेल्यास कपाळाकडील केस विरळ होतात. तेल केसांत एक-दोन तास ठेवणे पुरेसे असते. त्वचा कोरडी असल्यास रात्रभर ठेवण्यास हरकत नाही. परंतु कपाळावर पुटकुळ्या येण्याची प्रवृत्ती असल्यास तेल त्याच दिवशी धुऊन टाकावे. आठवड्यातून एक-दोन वेळा हा क्रम पुरतो.

धुताना शाम्पू थोड्या पाण्यात कालवून त्वचेवर लावावा आणि कोमट पाण्याने धुवावे. तेल अधिक असल्यास कमी प्रमाणात दुसऱ्यांदा लावावा. शिकेकाई व रिठ्याचा काढा वापरणाऱ्यांनी तेल आणखी कमी घ्यावे, कारण या काढ्याने दाट तेल सहज निघत नाही, आणि तो डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. ओले केस टॉवेलने रगडू नयेत. रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून वर जात सोडवावेत.

तेल कोणी टाळावे

कोंडा झाला की तेल लावावे, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. तेलकट, पिवळसर खपल्यांच्या कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि स्निग्ध आम्ले हेच तिचे अन्न असते. अशा टाळूवर तेल लावून ठेवल्यास खाज व खपल्या वाढतात. तेथे कीटोकोनाझोलसारखा बुरशीनाशक घटक असलेला शाम्पू उपयोगी पडतो, आणि तेल लावायचे तर केवळ केसांच्या टोकांना. थंडीत त्वचा कोरडी पडून सुटणारा बारीक पांढरा भुसा मात्र तेलाने कमी होतो.

कोंड्यावर उपाय म्हणून खोबरेलात कापूर घालण्याची पद्धत आहे. तान्ह्या बाळाला किंवा लहान मुलाला असे तेल कधीही लावू नये, कारण कापूर त्वचेतून शोषला जाऊन मुलाला झटके येऊ शकतात. बाळाची टाळू भरताना साधे तेल घ्यावे, आणि मऊ भागावर दाब न देता ते नुसते टेकवावे.

ताप किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागणे, डोक्यावर नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडणे, त्वचा लाल होणे, दुखणे किंवा पू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तेल बदलत बसू नये. अशा वेळी रक्तातील लोह, थायरॉइड आणि त्वचा यांची तपासणी आवश्यक असते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना केस आदल्या दिवशी धुऊन, तेल न लावता जावे. तेलाच्या थराखाली खपल्या आणि लाली झाकली जाते, आणि निदान करणे अवघड होते.