मोनोटाइपचा ठसा फिका येत होता, तो असा सुधारला

मी तैलरंगात काम करते. मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात मोनोटाइप सुरू केलं. अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर रंगवायचं, वर कागद ठेवून चमच्यानं घोटायचं, एवढं सोपं वाटलं. पहिले सहा ठसे ठिपक्याठिपक्यांचे आणि फिके निघाले. फार वाईट वाटलं.

चूक दोन ठिकाणी होती. रंग मी टर्पेंटाइननं पातळ करत होते. पंख्याखाली ते उडून जाई आणि कागद ठेवेपर्यंत रंग चिकट होई. आता टर्पेंटाइन बंद. जवसाच्या तेलाचा एखादाच थेंब घालते. जास्त तेल झालं की रेषा पसरतात.

दुसरी चूक कागदाची. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कोरडा कागद हाताच्या दाबाला दाद देत नाही. पातळ सुती कागद घेतला, पाण्यात भिजवला आणि टॉवेलमध्ये दाबून वरची चमक जाईपर्यंत टिपला. मधून कडेकडे घोटलं. काळा मखमलीसारखा उतरला!

शीटवर उरलेल्या रंगाचा दुसरा, पुसट ठसाही आता टाकत नाही. फ्रेंच चित्रकार देगा अशाच ठशांवर पेस्टलनं रंगवायचा. मीही वाळल्यावर तेच करते.