निष्कपट विश्वास कसा जोपासावा

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने म्हटले, 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील' (मत्तय 5:8). हे वचन ऐकून अनेक विश्वासी मनातून खचतात, कारण मनात एकही वाईट विचार येता कामा नये, असा त्याचा अर्थ ते लावतात. याकोबाच्या पत्रात मात्र (4:8) अंतःकरणे शुद्ध करण्याची आज्ञा 'द्विबुद्धीच्या' लोकांना, म्हणजे देव आणि जग या दोघांनाही एकाच वेळी धरून ठेवू पाहणाऱ्यांना दिलेली आहे. म्हणून विचारांवर पहारा बसवण्याआधी आपला हेतू तपासावा.

ही तपासणी देवाच्या हाती सोपवून सुरू करावी. आपणच आपली झडती घेऊ लागलो, की एक तर स्वतःला सूट देतो किंवा विनाकारण छळतो. 139व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता देवालाच आपले हृदय पारखायला सांगतो, ते यासाठीच असावे. रात्री प्रार्थनेला बसल्यावर दिवसभरातले एकच कृत्य आठवावे आणि कोणी पाहत नसते तर आपण ते केले असते का, हे विचारावे. जे दिसेल ते नेमक्या शब्दांत कबूल करावे. 'माझ्या पापांची क्षमा कर' एवढे म्हणणे सोपे असते. 'आज दुसऱ्याच्या प्रार्थनेची स्तुती झाली तेव्हा मला मत्सर वाटला' असे म्हणताना जीभ अडखळते, आणि बहुधा तिथेच खरी कबुली सुरू होते. त्यानंतर मात्र स्वतःला घासत बसू नये. 51व्या स्तोत्रात शुद्ध हृदय 'उत्पन्न कर' अशी विनवणी आहे, आणि तिथे वापरलेले इब्री (हिब्रू) क्रियापद बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच वचनातले, देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केल्याचे आहे. हे काम आपल्या आवाक्यातले नाही, ते मागून घ्यावे लागते.

मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रभू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबाबत गुप्ततेचा आग्रह धरतो. आठवड्यातून एक चांगले काम असे करावे, की ते जोडीदारालाही कळू नये आणि पुढे मंडळीसमोर (चर्चमध्ये) साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगतानाही, त्याचा उल्लेख येऊ नये. काम करणे फारसे जड जात नाही, पण ते सांगण्याची इच्छा दिवसेंदिवस डोके वर काढते. मला स्वतःला हाच भाग सर्वांत कठीण वाटतो. ती इच्छा जितकी तीव्र, तितके आपण माणसांच्या कौतुकावर जगत होतो हे स्पष्ट होते.

एखाद्याशी बिनसले असेल तर आधी समेट, मग अर्पण, हा क्रम मत्तय 5:23-24 मध्ये ठरवून दिलेला आहे. तो बदलू नये.

मनात शंका आहे म्हणून आपला विश्वास खोटा, असेही समजू नये. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौल 'निष्कपट' विश्वासाविषयी बोलतो, तेव्हा तो जो ग्रीक शब्द वापरतो त्याच्या मुळाशी रंगभूमीवरील नटासाठीचा शब्द आहे. निष्कपट विश्वास म्हणजे सोंग नसलेला विश्वास. मार्क 9:24 मधील व्याकूळ बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच श्वासात प्रभूपुढे मांडतो, आणि प्रभू त्याच्या मुलाला बरे करतो. म्हणून प्रार्थनेत शंका लपवून ठसक्यात बोलण्यापेक्षा ती शंकाच देवासमोर उघड करावी.

तोच पौल असेही लिहितो, की हा विश्वास तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी आधी होता (2 तीमथ्य 1:5). विश्वासाचे सोंग मंडळीत बराच काळ टिकते, घरात टिकत नाही. म्हणून महिन्यातून एकदा घरातल्या एखाद्या व्यक्तीला विचारावे, की माझे उपासनेतले बोलणे आणि घरातले वागणे यांत तुला कुठे फरक दिसतो. उत्तर मिळताच स्वतःची बाजू मांडू नये. ते शांतपणे ऐकावे आणि त्या रात्रीच्या प्रार्थनेत तेच आधी घ्यावे.