माळवद का कोसळतं? वर्गात हलवून बघा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. भूकंप ६.२ तीव्रतेच्या आसपासचा. सहाच्या वरचे भूकंप जगात दरवर्षी शंभरावर होतात, बहुतेकांची आपल्याला खबरही लागत नाही. लातूर-धाराशिवच्या गावांत मात्र दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, कोसळून दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली.

जमिनीखालचं कारण फळ्यावर सांगता येतं. भारताचा भूखंड वर्षाला साधारण ५ सेंमी उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो. हा रेटा सगळाच हिमालयात जिरत नाही, आपल्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांवरही येतो. एखादी भेग सटकली की जमीन हलते. किल्लारीखालची भेग उथळ होती, म्हणून वर दणका मोठा बसला. भिंतीतलं कारण मात्र हातानेच करून बघायला हवं.

सामान: ४५ × ३० सेंमीच्या दोन फळ्या, एकाच मापाच्या २० गोट्या, सुपारीएवढी खडी, माती, मूठभर भुसा, बांबूच्या कामट्या, दोरा, पुठ्ठा, १ किलो वाळूची पिशवी.

प्रत्येक फळीवर २० × १५ सेंमीची चौकोनी खोली बांधा. भिंत १२ सेंमी उंच, ४ सेंमी जाड. बाहेरून खडीचा एक थर, आतून दुसरा, मधे माती आणि कपच्यांची भर. जुन्या वाड्यांच्या दोन-अडीच फुटी भिंती अशाच असतात: बाहेरून एकसंध, पण खरं तर शेजारी शेजारी उभ्या दोन भिंती.

पहिलं घर असंच ठेवा. दुसऱ्यात दर ४ सेंमी उंचीवर, प्रत्येक भिंतीत, कामटीचे तीन तुकडे आरपार आडवे घाला. ८ सेंमीवर चारही भिंतींवरून लांब कामट्या फिरवून कोपऱ्यांत दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्ही घरं दोन दिवस सावलीत वाळवा. इथेच बहुतेकांची घाई नडते. ओली भिंत कोसळत नाही, नुसती खचते, आणि काहीच कळत नाही. भुसा न घालता नुसती काळी माती वापरली तर भिंत हलवण्याआधीच तडकते.

आता गुळगुळीत फरशीवर गोट्या पसरून त्यांवर फळी ठेवा. भिंतींवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वाळूची पिशवी. फळी २ सेंमी मागे-पुढे हलवा: १० सेकंद सावकाश, सेकंदाला एकदा, मग १० सेकंद सेकंदाला तीनदा. एकाने हलवायचं, दुसऱ्याने मोजायचं, बाकीच्यांनी फक्त कोपऱ्यांकडे बघायचं. पहिल्या घराचा कोपरा आधी उघडेल, बाहेरच्या थराला पोट येईल, मधली भर खाली घसरून पाचरीसारखी दोन्ही थर फाकवेल. दुसऱ्याला तडे जातील, पण ते बराच वेळ तग धरेल. दोन्ही घरं सारखीच टिकली तर कमी-जास्त मापाच्या गोट्यांमुळे फळी अडकते आहे का ते आधी तपासा.

पिशवीचं वजन उगाच घेतलेलं नाही. माळवद उन्हाळ्यात गार राहतं, म्हणून लोकांनी ते जपलं. गळू लागलं की वर मातीचा आणखी एक थर, असं करत जाडी वाढत गेली. दीड फूट मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ७०० किलो. १० × १० फुटांच्या खोलीवर किती होतं ते मुलांना काढू द्या. उत्तर साडेसहा टनांच्या जवळ यायला हवं, आणि त्याखाली त्या पहाटे माणसं झोपलेली होती.

२१ मार्च २०२४ ला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीपेक्षा १.७ ने कमी, म्हणजे दीडपटीहूनही कमी फरक असं वाटतं. पण तीव्रता १ ने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, १.७ चा फरक साडेतीनशे पटींच्या घरात जातो.

धक्का जाणवल्यावर: वर्गात असाल तर बाकाखाली शिरा, एका हाताने बाकाचा पाय धरा, दुसऱ्याने मान झाका, हलणं थांबल्यावर दप्तर डोक्यावर धरून मैदानात या. दगड-मातीच्या घरात दार दोन-चार पावलांवर असेल तर थेट अंगणात, भिंतीपासून लांब. खाट दगडी भिंतीला लावून टाकू नका. भिंतीला पोट आलंय का, हे बघायला वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि दर फुटावर दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा: मधेच ते कमी होत असेल तर घरातल्या मोठ्यांना तिथे बोलावून दाखवा.